डिप्लोमा करून की बारावी करून? कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या दोन वाटा

दहावीचा निकाल लागला की शहाड, उल्हासनगर, मोहने, आंबिवली या आपल्या पट्ट्यातल्या घराघरांत एकच बोलणं सुरू होतं. पोराला किंवा पोरीला कॉम्प्युटर करायचंय. मग अकरावी सायन्सला घालावं आणि दोन वर्षांनी सीईटी द्यावी, की आत्ताच डिप्लोमाला टाकावं आणि पुढे डायरेक्ट सेकंड इयरला जावं? शेजारचे एक सांगतात, मामा दुसरं सांगतो, क्लासवाले तिसरंच सांगतात. आणि निर्णयाला हातात असतात फार तर दोन-तीन आठवडे. आज आम्ही फक्त या एका प्रश्नावर बोलणार आहोत. कोणती वाट चांगली, असा निकाल देणार नाही. कोणाला कोणती जमेल, हे कसं ओळखायचं ते सांगणार आहोत.

सुरुवात एका गैरसमजापासून करू, कारण तो सगळ्यात जास्त ऐकू येतो. "डिप्लोमा केला की एक वर्ष वाचतं." हिशोब करून बघा. दहावीनंतर अकरावी-बारावीची 2 वर्षं आणि इंजिनियरिंगची 4, मिळून 6. दहावीनंतर डिप्लोमाची 3 वर्षं, आणि दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाल्यामुळे इंजिनियरिंगची 3, मिळून पुन्हा 6. पदवी दोघांना एकाच वर्षी मिळते. वर्ष वाचत नाही. "वर्ष वाचेल" एवढ्याच कारणाने डिप्लोमाचा फॉर्म भरला असेल, तर तो निर्णय चुकीच्या पायावर उभा आहे.

मग फरक कशात आहे? पहिला फरक, तुम्हाला कशावर मोजलं जातं.

बारावीच्या वाटेवर बहुतेक सगळं एका परीक्षेवर येऊन थांबतं. एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट 200 गुणांचा. त्यात गणिताला 100, भौतिक आणि रसायन मिळून 100. साधारण 20 टक्के भार अकरावीचा, 80 टक्के बारावीचा. वेळ तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. पेपर अनेक सत्रांत होतो, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. इथे बरेच पालक फसतात. 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत. शंभरातले साधारण नव्वद जण तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कॉम्प्युटरसारख्या शाखेला गर्दी असताना तो आकडा वाटतो तितका सुरक्षित नसतो.

डिप्लोमाच्या वाटेवर प्रवेशाला दहावीचे गुण लागतात, आणि पुढे डायरेक्ट सेकंड इयरला डिप्लोमाचे गुण. वेगळी सीईटी नाही. त्यामुळे तीन तासांच्या पेपरात हात थरथरणाऱ्या, पण सहामाहीमागून सहामाही नेटाने अभ्यास करणाऱ्या मुलाला ही वाट मानवते. पण याची उलटी बाजूही आहे. सीईटी बिघडली तर ती पुन्हा देता येते. डिप्लोमाचे गुण बिघडले तर ते मार्कशीटवर कायमचे राहतात.

दुसरा फरक जागांचा. हा भाग नीट ऐका, कारण घरच्या चर्चेत तो येतच नाही.

डायरेक्ट सेकंड इयरच्या जागा येतात कुठून? दोन ठिकाणांहून. मंजूर जागांच्या वर काही टक्के वेगळ्या जागा डिप्लोमावाल्यांसाठी असतात, ही एक. आणि पहिल्या वर्षाला ज्या जागा रिकाम्या राहिल्या, त्या दुसरी. आता विचार करा. पहिल्या वर्षाला जागा रिकाम्या कुठे राहतात? ज्या कॉलेजला, ज्या शाखेला मागणी कमी, तिथे. मागणी असलेल्या कॉलेजची कॉम्प्युटर शाखा पहिल्याच वर्षी भरून जाते. म्हणजे तिथे डिप्लोमावाल्याला उरतात फक्त त्या वरच्या थोड्या जागा, आणि त्यांच्यासाठी राज्यभरातले 90 टक्क्यांच्या पुढचे डिप्लोमाधारक रांगेत असतात. इंजिनियरिंगला कुठेतरी प्रवेश मिळणं वेगळं, आणि हव्या त्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळणं वेगळं. "डिप्लोमा केला की पुढे डायरेक्ट मिळतंच" या वाक्यातलं "मिळतंच" पहिल्या गोष्टीपुरतं बऱ्यापैकी खरं आहे, दुसऱ्यापुरतं नाही.

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 1960 साली उच्च शिक्षणाचा एक मोठा आराखडा केला. आधी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात दोन वर्षं शिका, मग विद्यापीठात बदली घ्या, ही सोय त्यात पक्की केली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या काही कॅम्पसांत ठरावीक अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची लेखी हमीसुद्धा मिळते. पण बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या सर्वाधिक मागणीच्या कॅम्पसांत ती हमी नाही. तिथल्या मराठी घरांतही मुलगा बारावीला आला की आपल्यासारखंच गणित मांडलं जातं. मागच्या दाराने आत जाता येतं, पण जिथे पुढच्या दाराशी गर्दी असते तिथे मागचं दारही अरुंद असतं. हे लक्षात ठेवूनच निघायचं.

तिसरा फरक, शिकण्याचा. आम्हाला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

डिप्लोमाचा मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षी सी लँग्वेजमध्ये प्रोग्रॅम लिहायला लागतो. मग डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, जावा, प्रोजेक्ट, उद्योगातलं प्रशिक्षण. दर आठवड्याला प्रॅक्टिकल, जर्नल, तोंडी परीक्षा. बारावीच्या वाटेने आलेला मुलगा त्या काळात न्यूटन, सेंद्रिय रसायन आणि इंटिग्रेशन करत असतो. दोघं दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शेजारी बसतात तेव्हा लॅबमध्ये डिप्लोमावाला पुढे असतो. शेजारचा मुलगा पॉइंटरशी झगडत असताना याची लिंक्ड लिस्ट चालून झालेली असते.

आणि मग गणिताचा तास सुरू होतो.

मुंबई विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासक्रमाचं उदाहरण घेऊ. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच सत्रात, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरला, मॅथ्स-3 होतं. त्यात लाप्लास ट्रान्सफॉर्म, फूरियर सीरिज, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स. कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्सची सुरुवातच कॉशी-रीमान समीकरणांनी होते आणि ती मांडायला पार्शल डेरिव्हेटिव्ह लागतं. ते शिकवलेलं असतं पहिल्या वर्षाच्या मॅथ्समध्ये. डिप्लोमाच्या मुलाने ते वर्ष केलेलंच नसतं. त्याचं गणित डिप्लोमाच्या सुरुवातीच्या सत्रांत संपलेलं असतं, त्याला दोन वर्षं होऊन गेलेली असतात. मास्तर "हे तुम्ही मागच्या वर्षी केलंय" म्हणून पुढे जातात. त्यात डायरेक्ट सेकंड इयरचे प्रवेश उशिरा होतात, म्हणून बऱ्याचदा तो वर्गात पोचतो तोवर काही आठवड्यांचं शिकवून झालेलं असतं. डिप्लोमाला 85-90 टक्के मिळवलेला मुलगा पहिल्याच सत्रात गणितात अडकतो, तो यामुळे. त्याची बुद्धी कमी पडलेली नसते, मधली एक पायरी पायाखाली आलेली नसते. पण त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं, आणि तो स्वतःलाच "ढ" समजायला लागतो.

अभ्यासक्रम बदलत राहतात, विषयांची नावं बदलतात, पण पहिल्या वर्षाच्या गणिताची ही पोकळी राहते. ती भरता येते. डिप्लोमाची शेवटची परीक्षा संपल्यापासून प्रवेश होईपर्यंत दोन-तीन महिने हातात असतात. त्यात चार गोष्टी करायच्या: इंटिग्रेशनची उजळणी, पार्शल डेरिव्हेटिव्ह, कॉम्प्लेक्स नंबर आणि मॅट्रिक्स. रोज दीड तास. हे महिने फक्त ऑप्शन फॉर्म आणि कट-ऑफच्या चर्चेत घालवू नका, एवढंच सांगणं आहे.

बारावीच्या वाटेवरच्या मुलांनीही निश्चिंत राहू नये. दोन वर्षं फक्त बहुपर्यायी प्रश्न सोडवण्याची सवय लागते. उत्तर बरोबर आलं, विषय संपला. प्रोग्रॅमिंगमध्ये चुकलेलं शोधत बसावं लागतं. सीईटी झाल्यावरच्या सुट्टीत थोडं प्रोग्रॅमिंग करून बघितलं, तर आपल्याला हे खरंच आवडतंय का, तेही कळतं.

आता पैसा आणि प्रवास. शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाची वर्षाची फी काही हजारांत असते. खाजगी तंत्रनिकेतनात ती कितीतरी पट. खाजगी इंजिनियरिंग कॉलेजची फी साधारण लाखाच्या घरात किंवा त्याच्या पुढे. डिप्लोमाच्या वाटेवर ही मोठी फी चारऐवजी तीनच वर्षं भरावी लागते, आणि सीईटीच्या क्लासचा खर्च वाचतो. पण डिप्लोमाच खाजगीत महागडा केला, तर ही बचत तिथेच संपते. म्हणून हिशोब सहा वर्षांचा एकत्र मांडा, एका वर्षाचा नको. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागा, राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती, आरक्षित प्रवर्गाच्या योजना, आणि 2024-25 पासून मुलींसाठीची शुल्क सवलत, हे सगळं फॉर्म भरण्याआधी तपासा. या सवलती मुख्यतः केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेल्या प्रवेशाला असतात. मॅनेजमेंट कोट्यात घाईने प्रवेश घेतला की त्या हातच्या जातात.

प्रवासाचं शहाडकरांना वेगळं सांगायला नको. कसारा लाइनच्या गाड्या मोजक्या, म्हणून आधी कल्याण गाठायचं आणि मग गर्दीत शिरायचं. अकरावी-बारावीला जवळ, अगदी बिर्ला कॉलेजसारख्या ठिकाणी प्रवेश मिळाला, तर दोन वर्षं घराजवळ जातात. चांगलं तंत्रनिकेतन ठाणे, विद्याविहार, माटुंगा, वांद्रे अशा ठिकाणी मिळालं, तर पंधरा-सोळाव्या वर्षापासून रोजचा तीन-चार तासांचा लोकलचा प्रवास. डिप्लोमाला हजेरी आणि प्रॅक्टिकल चुकवता येत नाहीत. मुलाच्या अंगात ते बळ आहे का, हा प्रश्न गुणांइतकाच खरा आहे.

इथे एका ताईंनी विचारलं, "मुलाचं मन मधेच बदललं तर?" फार चांगला प्रश्न. बारावी सायन्सनंतर दारं जास्त उघडी राहतात. आयआयटी-एनआयटीसाठी जेईई त्याच वाटेने. तिथे डिप्लोमावरून दुसऱ्या वर्षात बी.टेक.ला घेत नाहीत. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, आयटी किंवा बीसीए करून पुढे दोन वर्षांचं एमसीए करता येतं. सीईटी फसली तर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातही जाता येतं. डिप्लोमात शिरल्यावर मात्र वळणं कमी. ज्याला अजून डॉक्टर व्हावं की इंजिनियर हेच ठरत नाही, त्याने डिप्लोमाची घाई करू नये. पण डिप्लोमाची एक जमेची बाजू आहे. तीन वर्षांनी घरावर काही प्रसंग आला आणि शिक्षण थांबवावं लागलं, तर हातात एक पूर्ण झालेली, नोकरीला चालणारी पात्रता असते. नुसत्या बारावीने तेवढं बळ मिळत नाही.

दुसरे एक काका म्हणाले, "पुढे कंपनीवाले डिप्लोमावाल्याला कमी लेखतात का?" पदवी तीच, परीक्षा त्याच. अनेक कंपन्या कॅम्पसला दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि पदवी, या तिन्ही ठिकाणी 60 टक्क्यांसारखी अट लावतात. "बारावी किंवा डिप्लोमा" हे शब्द तिथे एकाच रांगेत असतात. म्हणून दोन्हीपैकी काहीही करा, पण गुणांत आणि एटीकेटीत सैल पडू नका.

शेवटी घरी जाऊन करायची एक गोष्ट. टीव्ही बंद करून मुलासोबत बसा आणि तीन प्रश्न विचारा. एक, दहावीचं गणित समजून सुटलं की पाठ करून? दुसरं, एका मोठ्या परीक्षेचा ताण जास्त सोसतो की तीन वर्षांची रोजची शिस्त? तिसरं, कॉम्प्युटर हे तुझं ठरलंय की आमचं? दहावीच्या गुणांवर चांगलं शासकीय किंवा अनुदानित तंत्रनिकेतन कॉम्प्युटरसाठी मिळतंय, मुलाला हाताने करून शिकायला आवडतं, आणि त्याचं स्वतःचं ठरलंय, तर डिप्लोमाला निर्धास्त जा, गणिताची पोकळी भरायचं मनात ठेवून. यातलं काही डळमळीत असेल, तर अकरावी सायन्स घ्या, दोन वर्षं विचाराला मिळतील. उत्तरं मुलाला देऊ द्या, मधे बोलू नका. पुढची सहा वर्षं कसारा लोकल त्यालाच पकडायची आहे.