लंगडणारा बैल आणि विजेचा उपचार



गळीत हंगाम ऐन भरात आला, की गाडीतळावर एखाददुसरा बैल पाय धरून उभा दिसतोच. गाडीवान म्हणतो, "डाग दिलाय साहेब, होईल बरा." तर मोहोळ भागातले आमचे वडीलधारे सभासद स्वतःचे गुडघे चोळत विचारतात, सोलापूरला दवाखान्यात विजेवर दुखणं थांबवतात, ते बैलाला चालेल का? प्रश्न रास्त आहे.

या उपचाराला 'टेन्स' म्हणतात. दुखऱ्या सांध्याजवळ कातडीवर चकत्या चिकटवून बॅटरीच्या लहान यंत्रातून मंद प्रवाह सोडतात. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी असे मांडले, की दुखण्याची खबर मेंदूकडे जाते त्या वाटेवर, पाठीच्या कण्यात, जणू एक दार असते. कातडीकडून दुसरी खबर आली की ते दार लोटले जाते. रात्री दारं धरणाऱ्याला हे अधिक सांगायला नको. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो, तेही त्यातलेच.

पुढे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कॅथलीन स्लुका यांनी उंदरांच्या गुडघ्यांना सूज आणून प्रयोग केले. १९९९ साली दिसून आले, की या प्रवाहाने शरीरातलीच अफूसारखी द्रव्ये कामाला लागतात. औषधाने त्यांचे काम अडवले की आराम पडत नाही. मात्र रोज तोच प्रवाह दिला तर काही दिवसांतच उंदीर सरावतात आणि गुण येईनासा होतो. सांधे झिजलेल्या कुत्र्यांवरही प्रयोग झाला. उपचारानंतर ती दुखऱ्या पायावर जास्त भार देऊ लागली, पण काही वेळच.

म्हणजे दुखणे दबते, झीज भरत नाही. खुराड्यातल्या उंदराला तेवढे पुरे. आपला खिलार दुखणे दबल्यावर उसाच्या गाडीला जुंपला, तर तो सांधा पुरता जाईल असे आम्हांस वाटते. डागाने तर वर जखम होते ती वेगळीच. लंगड्या जनावराला जुंपणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांप्रमाणे धडधाकट बैलालाही दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि विसाव्याशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. पाय धरला की गाडी सोडा, बैल जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि एक. मोटारीच्या वायरी जोडून घरचे प्रयोग कोणी करू नयेत, ना बैलावर ना स्वतःवर. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसवला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टेन्सचे यंत्रही लावून घेऊ नये.