आधी अट, मग खरेदी

रॉकव्हिल, मेरीलँड (अमेरिका)



वॉशिंग्टन शहराच्या उत्तरेला माँटगोमेरी काउंटी आहे आणि रॉकव्हिल हे तिचं मुख्य ठिकाण. कचरा उचलला गेला नाही, बसची वेळ हवी आहे, कराबद्दल विचारायचं आहे, कशासाठीही इथला रहिवासी ३११ हा एकच नंबर फिरवतो. २००९ मध्ये काउंटीने निरनिराळ्या खात्यांत फोन घेणारे कर्मचारी एका छताखाली आणले आणि हे केंद्र सुरू केलं. त्यासाठी ऑरॅकल कंपनीचं सीबेल हे सॉफ्टवेअर घेतलं. आरोग्य खात्यात फोन घेणाऱ्या यास्मिन रियाजुद्दीन यांचे सहकारी नव्या केंद्रात गेले. त्या मागे राहिल्या. त्या अंध आहेत. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या आधाराने त्यांचं काम चाललेलं होतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीन रीडरला चालणारी एक पद्धत होती, पण काउंटीने ते दुसऱ्या पद्धतीने बसवलं आणि रियाजुद्दीन यांच्यासाठी पडदा मुका झाला.

त्या न्यायालयात गेल्या. काउंटीचं म्हणणं होतं की दुरुस्तीचा खर्च परवडणारा नाही. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांचे अंदाज सुमारे १ लाख ३० हजार डॉलरपासून ६ लाख ४८ हजार डॉलरपर्यंत होते. पहिल्या न्यायालयाने काउंटीच्या बाजूने कौल दिला. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ज्यूरीने काउंटीने भेदभाव केल्याचा निर्णय दिला. भरपाई मात्र शून्य डॉलर. त्याच वर्षी त्यांची ३११ केंद्रात बदली झाली. वकिलांच्या फीचा वाद २०२१ पर्यंत चालला आणि तेव्हा अपील न्यायालयाने सांगितलं की हा खटला त्या जिंकल्याच आहेत.

हे प्रकरण मी कारेगावच्या वाचकांना सांगते आहे, कारण सॉफ्टवेअरशिवाय आता आपल्याकडेही नोकरी होत नाही. कारेगावलगतच्या, पुणे–नगर रस्त्यावरच्या रांजणगाव एमआयडीसीत हजेरी मशीनवर, रजा ॲपवर, पगाराची स्लिप मोबाईलवर, स्टोअरचा माल संगणकावर. दरवाज्याला रॅम्प नसेल तर तो निदान दिसतो. सॉफ्टवेअरचा बंद दरवाजा मात्र ज्याच्यासाठी बंद आहे त्यालाच कळतो.

अमेरिकेत या बाबतीतला कायदा कुणी आपणहून दिला नाही. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात कलम ५०४ आलं, की सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला दिव्यांगांशी भेदभाव करता येणार नाही. पण त्याचे नियम चार वर्षं रखडले. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत शंभरहून अधिक दिव्यांग माणसं सरकारी कचेरीत शिरून बसली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ हलली नाहीत. लहानपणी पोलिओ झालेल्या ज्युडी ह्यूमन त्यांच्या नेत्यांपैकी एक. ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते त्यांना गरम जेवण पोचवत होते. २८ एप्रिलला मंत्र्यांनी नियमांवर सही केली. पुढे मार्च १९९० मध्ये आंदोलकांनी व्हीलचेअर खाली सोडल्या आणि ते संसदेच्या पायऱ्या रांगत चढले. त्याच वर्षी २६ जुलैला अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट झाला. पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला दिव्यांग कर्मचाऱ्याची वाजवी सोय करावी लागते, ती या कायद्यामुळे.

हा कायदा माणसाला दाद मागण्याचा हक्क देतो. पण दाद मागायची म्हणजे आधी अन्याय व्हावा लागतो, मग वकील, मग वर्षानुवर्षं तारखा. तोवर सॉफ्टवेअर विकत घेऊन झालेलं असतं, लोकांच्या अंगवळणी पडलेलं असतं, आणि ते बदलणं म्हणजे वरातीमागून घोडं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते आधीच्या पुनर्वसन कायद्यातलं दुसरंच कलम आहे, ५०८. हे कलम सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला काहीच सांगत नाही. ते विकत घेणाऱ्याला धरतं. केंद्र सरकारचं कोणतंही खातं जे सॉफ्टवेअर घेईल, बनवून घेईल किंवा वापरेल, ते दिव्यांग कर्मचाऱ्याला इतरांइतकंच वापरता आलं पाहिजे. १९९८ मध्ये संसदेने या कलमाला धार दिली आणि २००१ पासून त्याची मानकं लागू झाली. हे सरकार दर वर्षी १०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम माहिती तंत्रज्ञानावर खर्च करतं. एवढं मोठं गिऱ्हाईक अट घालतं तेव्हा विक्रेता ऐकतो.

गिऱ्हाइकाची ही ताकद त्याआधीच दिसली होती. डॉस या जुन्या संगणक प्रणालीच्या काळात पडद्यावर नुसती अक्षरं असत आणि स्क्रीन रीडर ती नीट वाचत. विंडोज आलं, अक्षरांच्या जागी चित्रं आली, आणि कचेऱ्यांतल्या अंध कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांवर गदा आली. नव्वदच्या दशकाच्या मध्याला मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अंधांसाठीच्या आयोगाने हा प्रश्न लावून धरला आणि राज्य विंडोज ९५ ची खरेदी थांबवेल, अशी वेळ आणली. मायक्रोसॉफ्टने त्यानंतर १९९७ मध्ये विंडोजमधली बटनं नि मेनू स्क्रीन रीडरला समजतील अशी व्यवस्था दिली. खटला न लढता, खरेदी थांबण्याच्या धाकाने हे घडलं.

माझी रोजीरोटी या खरेदीच्या साखळीतच आहे. सरकारी खात्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीत मी तपासणी करते. अलीकडेच रजेच्या अर्जाचा एक फॉर्म माझ्याकडे आला. सुरुवातीलाच माऊस बाजूला ठेवायचा आणि टॅबची कळ दाबत पुढे जायचं. नावाचा रकाना आला, कर्मचारी क्रमांक आला. तारीख निवडायची वेळ आली आणि कॅलेंडर उघडेना; ते फक्त माऊसच्या क्लिकने उघडत होतं. ज्याला माऊस धरता येत नाही त्याचा अर्ज तिथेच संपला. मग स्क्रीन रीडर लावला. तळाशी दोन चित्रं होती, हिरवी बरोबरची खूण आणि लाल फुली. डोळ्यांना अगदी स्पष्ट. कानाला ऐकू आलं, ‘बटन’ आणि पुन्हा ‘बटन’. कोणतं दाबलं की अर्ज जाईल आणि कोणतं दाबलं की पुसला जाईल, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. एक रकाना मुद्दाम चुकीचा भरला. त्याची कड लाल झाली, चूक काय ते मात्र शब्दांत कुठेच आलं नाही. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर होती, ती चाळिशी लागलेल्या माणसालाही वाचवली नसती.

फॉर्म बनवणाऱ्या मुलाने हे सगळं एका दुपारी दुरुस्त केलं. बटनांना नावं दिली, कॅलेंडर कळफलकाने उघडेल असं केलं, चूक काय ते शब्दांत लिहिलं, अक्षरांचा रंग गडद केला. यातलं काहीही अंदाजाने करावं लागत नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मार्गदर्शक तत्त्वं १९९९ पासून आहेत आणि २०१८ पासून अमेरिकी सरकारी खरेदीचे नियम त्यांवरच बेतलेले आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किती असावा, तेही त्यांत आकड्यात दिलं आहे: निदान ४.५ ला १. माल विकताना कंपनी एक तक्ता भरून देते. त्यात कोणतं तत्त्व पूर्ण पाळलं, कोणतं अर्धवट, कोणतं नाही, हे ओळीने लिहावं लागतं. त्या तक्त्याला इथे व्हीपॅट म्हणतात. खरेदी अधिकारी तो मागतो, म्हणून माझ्या खुर्चीला काम आहे.

इथे सगळं आलबेल आहे, असं चित्र मला रंगवायचं नाही. २०२३ च्या सरकारी आढाव्यात, सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या सरकारी पानांपैकी आणि साधनांपैकी ३० टक्केही पूर्णपणे नियमात बसत नव्हती. त्याच वर्षी दिव्यांगांपैकी २२.५ टक्के लोकांच्या हाती काम होतं. दिव्यांग नसलेल्यांत हे प्रमाण ६५.८ टक्के होतं. जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सरकारी खात्यांतल्या विविधता आणि समावेशाच्या कचेऱ्या बंद झाल्या, आणि त्या कचेऱ्यांच्या नावात सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांना वापरता येणं, हेही होतं. पण कलम ५०८ संसदेने केलेला कायदा आहे; तो अशा आदेशाने पुसला जात नाही. हक्क कायद्यात आणि खरेदीच्या कागदात लिहिलेला असला की सरकार बदललं तरी टिकतो, हे इथे राहून मला नीट कळलं.

आता आपल्या घरचं. आपल्याकडे कायद्याची वानवा नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे, आणि खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण जाहीर करण्याचं बंधन आहे. भारतीय मानक ब्यूरोने माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी आयएस १७८०२ हे मानक २०२१ मध्ये काढलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. एप्रिल २०२५ मध्ये ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी लववा, अशी अट होती, आणि त्यांच्यातल्या काहींना पापणी लववणंच शक्य नव्हतं.

कारेगावच्या पट्ट्यात हा प्रश्न आणखी एका वाटेने येतो. जिथे धातू दाबणारी प्रेस यंत्रं आहेत तिथे अपघात आहेत. आमच्या भावकीतल्या एका मुलाच्या उजव्या हाताची बोटं अशीच गेली. तो बरा होऊन परतला तेव्हा त्याला स्टोअरमध्ये बसवलं. पण हजेरीचं मशीन त्याच्या जुन्या बोटाचा ठसा मागत राहिलं. रोज सकाळी सही मिळवायला सुपरवायझरला शोधायचं, आणि ज्या दिवशी तो सापडला नाही तो दिवस खाडा. महिनाअखेर पगारातून तेवढे दिवस कापलेले. डाव्या हाताच्या बोटाची नोंद करायला पाच मिनिटं लागतात, पण ती कुणी करायची हे कुठेच ठरलेलं नव्हतं. अमेरिकेत मालकांना अशा सोयींबद्दल फोनवर फुकट सल्ला देणारी जॉब अकोमोडेशन नेटवर्क ही सेवा १९८३ पासून आहे. तिच्या पाहणीत मालकांनी केलेल्या साधारण निम्म्या सोयींना काहीच खर्च आला नव्हता.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग होते. २०२२ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र विभागही काढला. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. म्हणजे साधन आहे, मानक आहे, कायदा आहे. घोडं अडतं ते खरेदीपाशी. सॉफ्टवेअर आलं की पदरी पडलं पवित्र झालं, असं आपण वागतो.

तुमच्यापैकी कुणी एमआयडीसीतल्या एचआरमध्ये, आयटीत किंवा पर्चेसमध्ये असेल, ग्रामपंचायतीत किंवा पतसंस्थेत असेल, तर पुढच्या ऑर्डरवर सही करण्याआधी विक्रेत्याला समोर बसवा. माऊसला हात न लावता अर्ज भरून दाखवा, म्हणा. पडदा बंद करून, स्क्रीन रीडर लावून पगाराची स्लिप उघडून दाखवा, म्हणा. बोटाचा ठसा किंवा चेहरा जमत नसेल तर हजेरीची दुसरी सोय काय, ते विचारा. मिळालेलं उत्तर करारात लिहून घ्या, आणि शक्य असेल तर आपल्याच एखाद्या दिव्यांग कर्मचाऱ्याला त्या बैठकीत बसवा. खोट त्याला आधी सापडेल.

विक्रेता म्हणेल, असं काम आपल्याकडे कोण करतं? त्याला सांगा, याच नगर रस्त्यावर खराडीत चला. पुण्यातले अभियंते अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी या सगळ्या कसोट्यांना उतरणारं सॉफ्टवेअर रोज बनवतात, कारण ते गिऱ्हाईक तसं मागतं. कौशल्य कारेगावपासून तासाभराच्या अंतरावर आहे. ते आपल्या कामगारांसाठीही मागायचं, एवढंच आपल्याला सुरू करायचं आहे.