खोडदच्या तबकड्यांमागचा माणूस: गोविंद स्वरूप

नारायणगावहून खोडदला येताना शेतांच्या वर पांढऱ्या तबकड्या दिसतात. ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, 25 किलोमीटर परिसरात पसरलेल्या. त्या उभ्या राहिल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या ध्यासातून.

तबकडी जवळून बघा. भरीव पत्रा नाही, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस तारांची जाळी! वारा आरपार जातो, वजन घटतं, खर्चही. माझ्या मते हीच त्यांची सर्वांत देखणी कल्पना.

1929 साली उत्तर प्रदेशात जन्मलेले सर 7 सप्टेंबर 2020 रोजी पुण्यात गेले. पत्नी-मुलांइतकेच विद्यार्थीही पोरके झाले.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन नक्की जा.