मेंदूतील पाण्याची गाठ : भीती किती, शस्त्रक्रिया केव्हा?

दुचाकीवरून पडल्यामुळे खबरदारी म्हणून एमआरआय करावा आणि अहवालात ‘अरॅक्नॉइड सिस्ट’ हे शब्द आढळावेत, असे अनेकांच्या बाबतीत घडते. ‘मेंदूत गाठ’ एवढेच कानी पडताच घरात कर्करोगाची धास्ती शिरते. वस्तुतः ही गाठ कर्करोगाची नव्हे. मेंदूवरील तीन आवरणांपैकी मधले आवरण कोळ्याच्या जाळ्यासारखे नाजूक असते. ग्रीक भाषेतील ‘कोळी’ या शब्दावरूनच त्याचे नाव पडले. गर्भावस्थेत या आवरणाचे पदर विलग होतात आणि मधल्या पोकळीत मेंदूभोवती एरवीही असणारा स्वच्छ द्रव साठतो. बहुतेक गाठी अशा जन्मजात असतात. अनेकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही.

त्रास होतो तो गाठीच्या दाबामुळे. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, फिट येणे, तोल जाणे, दृष्टी मंदावणे ही त्याची लक्षणे. तान्ह्या मुलाचे डोके वेगाने मोठे होऊ लागल्यास दुर्लक्ष करू नये. तेथे घेर मोजण्याची साधी फीतही मोलाची ठरते. मात्र डोकेदुखीची कारणे असंख्य. ती गाठीमुळेच आहे याची खातरजमा न करता शस्त्रक्रिया केली, तर गाठ जाते आणि दुखणे राहते.

लक्षणे नसल्यास सहसा केवळ देखरेख पुरते. डोक्याला जोराचा मार बसल्यास मात्र क्वचित गाठ फुटून रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे अशा मुलांच्या खेळांविषयी डॉक्टरांशी आधीच बोललेले बरे.

शस्त्रक्रियेच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत कवटीला छोटे छिद्र पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने, किंवा कवटी थोडी उघडून, गाठीच्या भिंतीला झरोका पाडतात व द्रवाला नैसर्गिक वाट करून देतात. दुसरीत गाठीतून त्वचेखालून पोटाच्या पोकळीपर्यंत बारीक नळी, म्हणजे ‘शंट’, बसवितात. हा शंट तुंबू शकतो, त्यात जंतुसंसर्गही होऊ शकतो. म्हणून शक्य तेथे अनेक शल्यविशारद झरोक्याला पसंती देतात. शस्त्रक्रियेनंतरच्या चित्रात गाठ पूर्ण नाहीशी झाली नाही, तरी घाबरण्याचे कारण नसते. दाब उतरला की नाही, हे महत्त्वाचे.

पाण्याची प्रत्येक गाठ मात्र इतकी निरुपद्रवी नसते. मेंदूच्या तिसऱ्या पोकळीतील ‘कोलॉइड सिस्ट’ आकाराने लहान असूनही द्रवाची वाट एकाएकी अडवते आणि प्रसंगी जिवावर बेतते. पट्टकृमीच्या अंड्यांमुळे होणाऱ्या गाठींवर बहुधा औषधेच दिली जातात. म्हणूनच बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात असो वा अन्यत्र, मेंदूशल्यविशारदाकडे जाताना केवळ लेखी अहवाल नव्हे, तर एमआरआयच्या मूळ फिल्म सोबत न्याव्यात.