कासवांच्या किनाऱ्यावरील स्वयंसेवा : सेवा की सहल?

पदवी हाती आल्यावर आणि नोकरी सुरू होण्यापूर्वी काही आठवडे परदेशात जाऊन निसर्गरक्षणाचे काम करावे, अशी इच्छा अलीकडे अनेक तरुण-तरुणींच्या मनात येते. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा देश अशा स्वयंसेवकांना विशेष आकर्षित करतो. तेथील किनाऱ्यांवर सागरी कासवांच्या रक्षणाचे प्रकल्प चालतात आणि जगभरातून येणारे स्वयंसेवक आपल्या राहण्या-जेवणाचा खर्च स्वतः भरून त्यात सहभागी होतात. हे ऐकल्यावर आईवडील साहजिकच विचारतात : पैसे भरून करायची ही कसली सेवा? ही तर सहलच झाली! प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे काम नेमके काय असते, ते समजून घ्यावयास हवे.

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर तोर्तुगेरो नावाचे गाव आहे. ‘तोर्तुगा’ म्हणजे स्पॅनिश भाषेत कासव. हिरव्या कासवांच्या माद्या येथे फार मोठ्या संख्येने अंडी घालण्यास येतात. एकेकाळी गावातील माणसे रात्री किनाऱ्यावर येणाऱ्या मादीला उताणी पाडून ठेवीत. उताणे पडलेले कासव पुन्हा सुलटे होऊ शकत नसे. सकाळी ते व्यापाऱ्याच्या स्वाधीन केले जाई आणि त्याचे मांस सूपासाठी परदेशी जाई. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार ह्यांनी 1950 च्या दशकात येथे अभ्यास सुरू केला. त्यांच्या कार्यास हातभार लावण्यासाठी 1959 साली एक संस्था स्थापन झाली. ती आज ‘सी टर्टल कॉन्झर्व्हन्सी’ ह्या नावाने कार्यरत आहे. 1975 साली तोर्तुगेरो राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2002 साली देशात सागरी कासवांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा आला. आज त्याच गावातील प्रशिक्षित वाटाडे पर्यटकांना कासवे दाखवून आपला संसार चालवितात.

स्वयंसेवकाचे काम मुख्यतः रात्रीचे असते. गडद कपडे घालून, पांढरा प्रकाश न वापरता, वाळूतून कित्येक तास गस्त घालावी लागते. पाऊस आणि डास सोबतीला असतातच. मादी दिसली तरी लगेच जवळ जायचे नसते. प्रकाश, आवाज वा हालचाल जाणवली, तर ती अंडी न घालताच समुद्रात परतते. मागच्या पायांनी खड्डा खणून तिने अंडी घालण्यास प्रारंभ केला, की मगच अभ्यासक पुढे सरकतात. स्वयंसेवक अंडी मोजतो, कवचाचे माप घेण्यास मदत करतो, नोंद लिहितो. पायाला लावलेल्या धातूच्या बिल्ल्यावरील क्रमांकावरून तीच मादी काही वर्षांनी परत आल्याचे कळते.

ह्या कामात उत्साहापेक्षा शिस्त अधिक महत्त्वाची आहे. हिरवे कासव एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. भरतीच्या पाण्यात वा चोरांच्या हाती जाण्याचा धोका असलेली अंडी काही ठिकाणी सुरक्षित जागी हलविली जातात; परंतु अंडी घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडे फिरविले गेले, तर गर्भ दगावतो. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच्या उष्णतेवर ठरते : वाळू अधिक तापली तर माद्या, थंड राहिली तर नर. म्हणूनच अजाण हाताची दयासुद्धा येथे घातक ठरू शकते.

किनाऱ्यावरील गरिबाचा प्रश्नही विसरता येत नाही. अंडी नेणारा प्रत्येक माणूस निर्दय नसतो. पुष्कळदा त्याच्या घरी चूल पेटायची असते. पॅसिफिक किनाऱ्यावरील ओस्तिओनाल येथे ह्या प्रश्नावर वेगळा मार्ग काढला गेला. तेथे ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या झुंडीने येतात आणि मागून येणाऱ्या माद्या आधीची घरटी उकरून टाकतात. म्हणून 1987 पासून गावकऱ्यांच्या संघटनेला सुरुवातीच्या काळातील ठरावीक अंडी कायदेशीरपणे काढण्याची परवानगी आहे. त्याच्या बदल्यात गावकरी किनारा स्वच्छ ठेवतात, पहारा देतात. ही व्यवस्था सर्वत्र लागू पडणारी नाही. पण गावाला वगळून निसर्ग राखता येत नाही, हा तिचा धडा आहे.

ह्या कामाची किंमत किती मोठी असू शकते, हे 31 मे 2013 रोजी जगाला कळले. लिमोन शहराजवळील मोइन किनाऱ्यावर हायरो मोरा सांदोवाल हा 26 वर्षांचा स्थानिक तरुण चार परदेशी स्वयंसेविकांसह गस्तीवर असताना त्यांचे अपहरण झाले. स्वयंसेविका वाचल्या, हायरोची हत्या झाली. अंडीचोरांबरोबरच अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांचाही त्या किनाऱ्यावर वावर होता. 2015 साली पहिल्या खटल्यात आरोपी सुटले. 2016 साली फेरखटल्यात चौघांना शिक्षा झाली. परदेशी पाहुणा काही आठवड्यांनी घरी परततो. किनारा सांभाळणारा मात्र तेथेच राहतो, हे ह्या घटनेतून ध्यानात घ्यावे.

तेव्हा जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी, आणि त्यांच्या पालकांनी, प्रथम काही प्रश्न विचारावेत. प्रकल्पाला शासनाची परवानगी आहे काय? आपण भरलेल्या पैशातून स्थानिकांना रोजगार मिळतो काय? रात्रीच्या गस्तीत सुरक्षेची व्यवस्था कोणती? छायाचित्रासाठी पिल्ले हातात दिली जातात काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर तेथे जाऊ नये.

परमेश्वराने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. राखण करणारा मालक नसतो. पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितले. ह्या कसोटीवर आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. केवळ कासव पाहण्यासाठी गेलो, तर ती सहल. गावकऱ्यांच्या हाताखाली, त्यांच्याकडून शिकत, सांगितले तेवढेच आणि नावाची अपेक्षा न धरता केले, तर ती सेवा. खर्च स्वतः भरल्याने तिचे मोल कमी होत नाही.

सर्वांनाच इतक्या दूर जाणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे 2002 पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ह्या संस्थेच्या पुढाकाराने गावकरी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपत आले आहेत. गोव्यातील मोरजी, आगोंद व गालजीबाग येथेही वनखात्याच्या देखरेखीखाली हे काम चालते. आपल्या धर्मग्रामातील युवक मंडळांनी पुढील हंगामात तेथे जाऊन प्रथम पाहावे, विचारावे आणि ऐकावे. सेवेचा आरंभ ऐकण्यातूनच होतो.