लख्ख उन्हात चढणारं पाणी

सह्याद्रीत हिंडणाऱ्या माणसाची पाण्याची भीती पावसाशी बांधलेली असते. आभाळ भरून आलं की ओढ्यापासून लांब राहायचं, उघडीप मिळाली की निर्धास्त उतरायचं. हाच माणूस मेच्या सुट्टीत पाठीला सॅक लावून गंगोत्रीहून गोमुखाकडे निघतो तेव्हा त्याचा अंदाज साफ चुकू शकतो. तिथे या दिवसांत ढगाळ हवेत ओढे त्यामानाने शांत असतात. पाणी चढतं ते लख्ख ऊन पडलं की.

गंगोत्री साधारण ३१०० मीटर उंचीवर. तिथून भागीरथीच्या काठाकाठाने ९ किलोमीटरवर चिरबासा, १४ वर भोजबासा आणि १८ वर गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचं मुख. वाट नदीच्या एकाच बाजूने जाते. त्यामुळे गोमुखापर्यंत भागीरथी ओलांडायचा प्रश्न येत नाही, पण डोंगरावरून तिला मिळायला येणारे ओढे वाट कापून जातात आणि खरी परीक्षा तिथेच असते. हंगामाच्या सुरुवातीला काहींवर बर्फाचे थर साचलेले असतात. खालून पाणी वाहत असतं, वरचा थर पहाटे दगडासारखा कडक असतो आणि दुपारी त्याच थरात पाय मांडीपर्यंत रुततो. बर्फ गेल्यावर ओढ्यांवर लाकडी ओंडक्या-फळ्यांचे तात्पुरते पूल टाकले जातात. ते पाण्याच्या मर्जीवर उभे असतात. जुलै २०२४ मध्ये चिरबासाजवळचा असाच एक पूल वाहून गेला, दोन कावडयात्री प्रवाहात गेले आणि पलीकडे अडकलेल्या अनेकांना बचाव पथकाने बाहेर काढलं.

रात्री वरचं सगळं गोठतं, म्हणून पहाटे ओढा सर्वांत बारीक. ऊन उतारावर आल्यावर बर्फ वितळू लागतो. ते पाणी बर्फातून, दगडगोट्यांतून झिरपत खाली यायला काही तास घेतं. म्हणून ओढा भर दुपारी नव्हे, तर उन्हं कलल्यावर सर्वांत फुगतो. जून उजाडतो तशी बर्फाची रेघ वर सरकते. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी मांड्या भिजवतो. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा रेटा चौपट होतो, हे शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र पायांना तिथे कळतं. तळाशी दगड गडगडत असल्याचा आवाज आला तर पाण्यात पाऊल टाकायचंच नाही, मग सोबतचे कितीही हसोत.

उतरायचंच असेल तर अरुंद जागा टाळावी. तिथे उडी मारून जाता येईलसं वाटतं, पण पाणी खोल आणि वेगवान असतं. प्रवाह जिथे पसरून दोन-तीन धारांत फुटलाय ती जागा बघावी. बूट काढू नयेत. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडावेत, म्हणजे पडल्यावर सॅक टाकून देता येते. तोंड वरच्या अंगाला, हातात काठी, एका वेळी एकच पाऊल. आपल्याकडच्या पावसाळी भटकंतीतली एक सवय मात्र घरीच ठेवावी: कमरेला दोर बांधणं. बांधलेला माणूस पडला की दोर ताणला जातो आणि प्रवाह त्याला पाण्याखालीच दाबून धरतो.

चिरबासाच्या पुढे भोजबासापर्यंतचा भुसभुशीत उतारही याच घड्याळावर चालतो. रात्री गोठलेल्या बर्फाने धरून ठेवलेले दगड उन्हाने सुटतात. त्यात दुपारी दरीतून वारा उठतो, वर भरल (जंगली मेंढ्या) चरत असतात आणि त्यांच्या खुरांनीही दगड निसटतात. या पट्ट्यात फोटोसाठी थांबणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं.

थोडक्यात, पहाटे पाचला चालायला लागावं आणि दुपारच्या आत मुक्कामाला टेकावं. पण लवकर पोचल्यावर ‘आजच गोमुख करून येऊ’ हा मोह होतो, तो आवरावा. भोजबासा ३८०० मीटरच्या आसपास आहे, तिथे डोकं ठणकायला लागणं अगदी सामान्य आहे. त्याआधी गंगोत्रीत एक जादा रात्र काढणं शहाणपणाचं.

भोजबासात भूर्जाचं बन शोधू नका, नावापुरतंच उरलंय. सरपणासाठी वर्षानुवर्षं तोड झाली. नंदादेवी शिखर सर केलेल्या गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी या खोऱ्यात भूर्जाची रोपवाटिका उभारून लागवड केली. या उंचीवर झाड इतकं सावकाश वाढतं की तोडायला लागतो त्याच्या कैक पट वेळ उगवायला लागतो. म्हणून स्टोव्ह बरोबर न्यावा. परवानाही आधीच काढावा, कारण इथे दिवसाला १५० जणांनाच तो मिळतो. नदीपलीकडे, गोमुखाच्या वरच्या तपोवनाला जाणारे भोजबासाजवळ हाताने ओढायच्या ट्रॉलीतून भागीरथी पार करतात.

उपकरणांच्या यादीत नसलेली एक गोष्ट आपल्याकडच्या मंडळींना सर्वांत जड जाते, ती म्हणजे राखीव दिवस. परतीचं तिकीट दोन महिने आधी काढलेलं असतं, रजा मोजून घेतलेली असते. मग फुगलेल्या ओढ्यापाशी चार वाजता उभं राहून ‘जाऊया, होईल काहीतरी’ असं म्हटलं जातं. त्या वेळी सॅकमध्ये एका जादा जेवणाचे डाळ-तांदूळ आणि तंबू असेल, तर अलीकडे ओढ्यापासून उंचावर, दगड घसरणार नाहीत अशी जागा बघून रात्र काढता येते. पहाटे साडेपाचला तोच ओढा बहुधा घोट्यापर्यंत आलेला असतो.