पोलीस पाटील: गावातलं पद, आपल्या कामाचं

गटांच्या बैठकीत आम्ही विचारतो, "तुमच्या गावचे पोलीस पाटील कोण?" नाव सगळ्याजणी सांगतात. "त्यांचं काम काय?" म्हटलं की बैठक गप्प होते. कुणी म्हणते दाखला देतात, कुणी म्हणते भांडण मिटवतात. म्हणून आज याच पदाबद्दल बोलू.

पूर्वी पाटीलकी हे वतन होतं. बापाकडून लेकाकडे जायचं. सारा वसूल करणं आणि गावाची राखण, दोन्ही कामं पाटलाकडे. चोराचा माग ज्या गावच्या शिवेत येई, त्या गावानं तो पुढच्या शिवेपर्यंत काढून द्यायचा, नाहीतर नुकसान भरून द्यायचं, अशी रीत होती. सांगावा पोचवणं, पहारा देणं ही राबणूक मात्र महार समाजाच्या वाट्याला, आणि मोबदला तुटपुंजा. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडलं.

आपला बुलढाणा जिल्हा वऱ्हाडातला. १८५३ साली वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १९०० साली इथल्या पाटील-पटवाऱ्यांसाठी इंग्रजांनी वेगळा कायदा केला. पुढे महाराष्ट्र राज्य झालं. १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटीलकी बंद झाली, आणि १९६७ साली महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला. आज पोलीस पाटील नेमले जातात ते याच कायद्यानं. पद आता कुण्या घराण्याचं राहिलं नाही. ते नेमणुकीचं झालं.

आता काम ऐका. गावात काय गुन्हा घडला, शांतता बिघडेल असं काही शिजतंय का, लोकांचं आरोग्य कसं आहे, हे पोलीस पाटलांनी वर कळवत राहायचं. गुन्हा होऊ नये म्हणून प्रयत्न करायचा. तपासाला आलेल्या पोलिसांना मदत करायची. गावात कुणाचा अचानक किंवा संशयास्पद मृत्यू झाला, तर ठाण्याला लगेच खबर द्यायची.

या शेवटच्या कामाकडे नीट लक्ष द्या. लग्नाला ७ वर्षं व्हायच्या आत एखाद्या सुनेनं आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर त्याची चौकशी दंडाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायची असते. पण खबरच गेली नाही आणि परस्पर अग्नी दिला, तर चौकशी कशाची करणार? अशा वेळी "घरातली गोष्ट आहे" असं म्हणून चालत नाही. पोलीस पाटलांनी खबर द्यायलाच हवी. त्यांनी दिली नाही, तर ११२ क्रमांकावर फोन आपल्यापैकी कुणीही करू शकते.

पोलीस पाटलांच्या हातात काय नाही, तेही माहीत हवं. पोलीस पाटील म्हणजे पोलीस ठाणं नव्हे. गुन्हा ठाण्यातच नोंदवला जातो. मारहाण झालेल्या बाईला "आधी गावात बसून मिटवू" असं सांगून कुणी थांबवू शकत नाही. बांधावरची बोलाचाली गावात मिटली तर चांगलंच. पण बलात्कार, हुंड्याचा छळ, लहान मुलीवरचा अत्याचार या गोष्टी मिटवण्याच्या नाहीतच. तक्रार नोंदवली की तिची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. ठाण्यानं तक्रार घेतली नाही, तर ती लिहून टपालानं जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. गावात बालविवाह ठरत असेल, तर पोलीस पाटलांबरोबर ग्रामसेवकांनाही सांगा. बालविवाह रोखण्याची जबाबदारी कायद्यानं त्यांच्यावर टाकली आहे. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही लक्षात ठेवा.

आणि आता आमच्या मनातलं. हे पद बाईलाही मिळतं. भरतीत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. वय २५ ते ४५, शिक्षण किमान दहावी, आणि त्याच गावची रहिवासी, या मुख्य अटी. लेखी परीक्षा ८० गुणांची, तोंडी २० गुणांची. नेमणूक एसडीओ साहेब, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी करतात. २०२४ साली सरकारनं मानधन महिन्याला १५ हजार रुपये करायचा निर्णय घेतला. आपल्या गटांत दहावी झालेल्या, हिशेब चोख ठेवणाऱ्या, बँकेत जाऊन बोलणाऱ्या कितीतरी सुना-लेकी आहेत. जाहिरात निघाली की "हे बायकांचं काम नाही" म्हणून ती बाजूला सारू नका. रात्री मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला कुणाचं दार ठोठवायला सोपं जाईल, याचा विचार करा.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हा एक विषय घ्या. पोलीस पाटील आणि पोलीस ठाणं, दोघांचे फोन नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा. पोलीस पाटलांना बैठकीला बोलवा, त्यांना हे सगळं विचारा. आणि पुढच्या भरतीसाठी गटातून एक तरी नाव आत्ताच काढून ठेवा.